पुस्तक स्वतः काढावं की प्रकाशकाच्या दारात उभं राहावं?

सदाशिवपेठी
माझ्या कथासंग्रहाला एका प्रकाशनाचा होकार आलाय. फोनवर लगेच पुढचं वाक्य असं की दीडशे प्रती लेखकानं विकत घ्यायच्या, पैसे आधी. आता मला सांगा, पैसे मीच घालणार असेन तर प्रकाशक मी का नाही? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकालाही देतात. डीटीपी म्हणजे पानांची जुळणी, कव्हर, छपाई, बाइंडिंग सगळं पेठांमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मग लोगो सोडून ते मला देणार काय? आणि इंग्रजीवाल्यांसारखा आपल्या वतीनं भांडणारा एजंट मराठीत कुठे असतो? नवीन लेखकानं प्रकाशकाच्या नादी लागूच नये, स्पष्ट मत आहे. बोला.

प्रुफवाली
अहो, लेखकाकडून आधी पैसे घेणारा प्रकाशक नसतोच, तो छपाईचा कॉन्ट्रॅक्टर. त्याच्यावरून सगळ्यांना झोडपू नका. स्वतः काढलेली पुस्तकं माझ्याकडे प्रुफाला येतात ना, फाइल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोड केलेली, रफार भलत्याच अक्षरावर बसलेला, जोडाक्षरं फुटलेली, आणि लेखक म्हणणार मॅडम मी दोनदा वाचलंय, तुम्ही फक्त नजर टाका. एका कादंबरीत नायकाची आत्या पाचव्या प्रकरणात वारली आणि अकराव्यात पुरणपोळ्या लाटत होती. घरातल्या चारपाच जणांनी वाचलेलं होतं ते, पण सगळे ‘छान झालंय’ म्हणाले!! चांगला संपादक तिथे थांबवतो, वर पहिली तीस पानं काढा म्हणून सांगतो. संपादकाचे पैसे प्रकाशक घालतो, आणि त्याचेच पैसे बुडतात म्हणून तो निवडून घेतो.

राघू कोथरूड
निवडून घेतो म्हणे. कधी घेतो? वर्षभर ‘वाचतोय, वाचतोय’ चालतं. आणि हिशेब मांडा की. २५० रुपयांचं पुस्तक, लेखकाला १० टक्के रॉयल्टी म्हणजे प्रतीमागे २५. पाचशेची आवृत्ती पूर्ण संपली तरी १२,५००, तेही मागितले की ‘मार्चनंतर बघू’. स्वतः काढलं आणि छपाईसकट सगळं धरून प्रत ९० ला पडली, दुकानदाराला ४० टक्के सोडले, तरी ६० हातात येतात. ई-बुक तर त्याहून सोपं, अॅमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी चालतं, फक्त भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, नाहीतर ३५ वर समाधान.

वाचनालयवाली
राघू, तुमचे ६० रुपये प्रत खपली तर. खपवणार कोण? आमचं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, शासनाच्या अनुदानातून पुस्तकं घेतो. वितरक गठ्ठा आणतो, एकच बिल, सूट ठरलेली, कामच होऊन जातं. लेखक एकटा पिशवीत पाच प्रती घेऊन येतो तेव्हा आम्ही चहा पाजतो आणि एक प्रत घेतो, खरं सांगायचं तर संकोचापोटी. बाकीच्या प्रती त्याच्या दिवाणात. शिवाय स्वतः प्रकाशक झालात की १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते, हे किती जणांना माहितीये?

सदाशिवपेठी
पाठवीन की, त्यात काय एवढं. आणि प्रकाशक निवडून घेतो म्हणाल तर आपल्याच पुण्यातलं उदाहरण घ्या, फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ नाटक १८५५ साली पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीनं नाकारलं, ते छापून यायला १९७९ उजाडलं. निवडणारे बसलेत म्हणजे निवड बरोबर असं कोण म्हणतं?

प्रुफवाली
फुल्यांना तुमच्या कथासंग्रहाच्या दिमतीला नका हो लावू :)

इंग्रजीत लिहिणारी
एजंटबद्दल लोकांचा फार गोड समज आहे म्हणून लिहिते. एजंट साधारण १५ टक्के घेतो, तेही पुस्तक विकलं गेल्यावर, आणि जो ‘वाचायची फी’ आधी मागतो त्याला नमस्कार करून निघायचं. पण एजंट असला की काम झालं असंही नाही. अमीश त्रिपाठींच्या पहिल्या पुस्तकाचं बघा, प्रकाशकांनी नाही म्हटल्यावर २०१० मध्ये छपाईचा खर्च एजंटनंच उचलला, मार्केटिंग लेखकानं केलं, पहिलं प्रकरण दुकानांतून फुकट वाटलं. मोठा प्रकाशक आला तो प्रती खपायला लागल्यावर. आता हे स्वतः काढणाऱ्यांच्या बाजूचं की प्रकाशकांच्या, तुम्हीच ठरवा. मात्र तो माणूस मार्केटिंगमधलाच होता हे लोक सोयीनं विसरतात.

वकीलकाका
भांडण चालू द्या, पण सही करण्याआधी करारपत्र वाचा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलंच नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणून तर हुशार मंडळी ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ असं आधीच टाइप करून ठेवतात आणि आपला लेखक पुस्तक येतंय या आनंदात सही ठोकतो. ऑडिओ, भाषांतर, ई-बुक स्वतःकडे ठेवा. दीडशे प्रतींचं ते फोनवरचं सुद्धा कागदावर मागा, बघा कसा सूर बदलतो.

राघू कोथरूड
काका म्हणजे शेवटी प्रकाशकावर विश्वास नाहीच ना तुमचाही.

वकीलकाका
विश्वास पाहुण्यांवर ठेवावा. इथे सही असते.

वाचनालयवाली
सदाशिवपेठी, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. वेळ लागतो पण दीडशे प्रती गळ्यात मारत नाहीत. अर्ज करून बघा.

सदाशिवपेठी
वेळच नाहीये ताई, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो, त्याआधी हातात पाहिजे. मत बदललेलं नाही, स्वतःच काढणार. प्रुफवाली मॅडम, प्रकाशकाला द्यायचे ते तुम्हाला देतो, पानाला काय घेता?

प्रुफवाली
आधी पहिली दहा पानं पाठवा, मग रेट सांगते. फॉन्टसकट पाठवा. आणि मागच्या कव्हरवर कवितेतला परिचय नको, प्लीज.