अनुभव धागा: तंबूबाहेरची चूल, जमलेले आणि फसलेले बेत

निवांत:
माळा आवरताना जुनं पातेलं हाती लागलं. एका बाजूला पोचा, बुडाला अजून काजळी, बोटं काळी झालीच. १५ वर्षं तरी झाली असतील. ३००० मीटरच्या वर तंबू ठोकला होता. भात लावला, पाऊण तास झाला तरी दाणा दाताखाली कचकचतोय. तिथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, हे शहाणपण घरी परतल्यावर आलं. पाणी मस्त खळखळत होतं आणि आम्ही दर दोन मिनिटांनी झाकण काढून बघत होतो. शेवटी कुणीतरी सुपाची दोन पाकिटं ओतली. खारट लगदा झाला, आणि पाचजणांनी पातेलं खरवडून खाल्ला. नंतर घरी मुद्दाम तसाच करून बघितला, कुत्र्यानेही तोंड लावलं नाही.
तुमचेही येऊ द्या.

आळशी_मांजर:
झाकण काढून बघणाऱ्यांना तंबूबाहेर झोपवायला पाहिजे 😄

पाऊसवेडी:
तांदूळ सकाळीच बाटलीत भिजत घालायचे, चालता चालता भिजतात. पण बाटली रुंद तोंडाची घ्या. मी निमुळत्या तोंडाची घेतली होती, संध्याकाळी काडीने दाणे उकरत बसले. आता पाच-सात मिनिटं उकळवते आणि पातेलं स्लीपिंग बॅगेत गुंडाळून ठेवते. अर्ध्या तासात आपोआप शिजतं, गॅस वाचतो. (झाकण सैल असेल तर रात्रभर कांद्याच्या वासात झोपायची तयारी ठेवा.)

रिकामटेकडा:
बटाटे!! निखाऱ्यात, जाळात नाही. पहिल्यांदा जाळात टाकले, बाहेरून कोळसा, आतून कच्चे. लाकूड जळून वर राख धरली की मगच पुरायचे. मुठीएवढ्याला पाऊण तास. फोडला की वाफ, वर मीठ आणि लोणी. बास. बायको विचारते घरी असे का नाही लागत. काय सांगू.

निवांत:
वास आला हो इथपर्यंत.

उशीरलतीफ:
भांडी घासता घासता वाचतेय, त्यामुळे माझा अनुभव भांड्यांचाच. चुलीवर चढवायच्या आधी पातेल्याला बाहेरून साबणाचा ओला हात फिरवा. काजळी नंतर पाण्यासरशी निघते. तुमचं १५ वर्षं काळं राहिलं नसतं.

मी_नाही_त्यातला:
आम्ही काही शिजवलंच नाही. ब्यूटेनचं डबडं नेलं होतं आणि रात्री पारा शून्याखाली. तेवढ्या थंडीत ब्यूटेनचा वायूच होत नाही. हलवलं की आत डुचमळतंय, पण स्टोव्ह पेटेल तर शपथ. शेवटी एकाने ते डबडं स्वेटरच्या आत पोटाशी घेऊन उबवलं, कोंबडीसारखं. चहापुरतं जमलं. आता प्रोपेनमिश्रित नेतो.

आळशी_मांजर:
पिल्लू निघालं का?

मी_नाही_त्यातला:
सर्दी निघाली.

पाऊसवेडी:
एक गंमत नसलेलं सांगते. पाऊस होता म्हणून धाकट्या दिराने तंबूचं दार लावून आतच स्टोव्ह पेटवला. डोकं दुखायला लागलं म्हणून बाहेर आला, म्हणून वाचला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. भिजा, उपाशी झोपा, पण आत पेटवू नका.

आळशी_मांजर:
बापरे. आता कसे आहेत ते?

पाऊसवेडी:
ठणठणीत. स्वयंपाक मात्र सोडला, तेवढंच निमित्त मिळालं.

गोगलगाय_२:
नदीतले गोटे चुलीला लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आमचा एक फटाक्यासारखा फुटला. पातेलं आडवं, नूडल्स राखेत. वरवरच्या उचलून खाल्ल्या, भूकच तशी होती.

रिकामटेकडा:
जरा अवांतर, तंबूच्या खांबाची एक नळी हरवलीये, सुटी मिळते का?

उशीरलतीफ:
अहो, वेगळा धागा काढा.

रिकामटेकडा:
काढतो. आधी बटाटे.

निवांत:
पातेलं राखेने घासून बघितलं. अर्धं निघालं. आई म्हणतेय भंगारात दे.