‘पहिलं नाव’ म्हणजे नक्की कोणतं? प्रश्नमंजूषेतल्या पर्यायी उत्तरांबद्दल

वहीचं पान (मूळ प्रश्न; हे आणि पुढची शीर्षकं ही चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

खुल्या फेरीतला, म्हणजे चार पर्याय न देता विचारलेला प्रश्न असा: “छत्रपती संभाजीनगर या शहराचं पहिलं नाव काय?” कार्डावर उत्तर ‘खडकी’. संघ म्हणाला, ‘औरंगाबाद’. चूक ठरलं, प्रश्न पुढे सरकला आणि तिसऱ्या संघानं ‘खडकी’ सांगून १० गुण घेतले. आधीच्या संघाची हरकत अशी की ‘पहिलं’ म्हणजे ‘आधीचं’ असाही अर्थ मराठीत होतो. हा अर्थ खरोखर भाषेत आहे, की हरकतीपुरता ओढूनताणून आणलेला? आणि असेल तर गुण द्यायलाच हवेत का?

शब्दार्थी

अर्थ आहे, आणि चांगला मुरलेला आहे. ‘पहिले पाढे पंचावन्न’ यातले पाढे आधीचेच पाढे आहेत. ‘तब्येत पहिल्यासारखी राहिली नाही’, ‘पहिल्या घरमालकानं अनामत अजून दिली नाही’ ही रोजची वाक्यं. त्यात कोणी आयुष्यातला अगदी पहिला घरमालक शोधायला जात नाही. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत असल्यामुळे ‘पहिलं नाव’ ही जोडी तर घरोघरी ‘आधीचं नाव’ याच अर्थानं बोलली जाते. ‘डॉ. आनंदीबाई जोशींचं पहिलं नाव काय?’ असं विचारलं तर उत्तर ‘यमुना’, आणि त्यावर कधी वाद होत नाही.

वाद का होत नाही, हे नीट बघायला हवं. नावं दोनच असली की ‘क्रमानं पहिलं’ आणि ‘आत्ताच्या आधीचं’ हे दोन्ही अर्थ एकाच नावावर येऊन बसतात. जुनी नावं दोन किंवा जास्त असली की ते फुटतात. या शहराचं तसंच आहे. खडकी या गावाच्या जागी मलिक अंबरनं १६१० मध्ये शहर वसवलं, त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या काळात, १६२६ मध्ये ते फतेहनगर झालं, आणि १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आल्यावर औरंगाबाद. आजचं अधिकृत नाव २०२३ पासूनचं. म्हणजे क्रमानं पहिलं खडकी, आत्ताच्या लगेच आधीचं औरंगाबाद. ‘पहिलं’ या एकाच शब्दात दोन्ही बसतात. माझ्या मते संघाचं उत्तर ग्राह्य.

कोशातली नोंद

शब्दाचा अर्थ मान्य, निकाल मान्य नाही. प्रश्नाला संदर्भ असतो. प्रश्नमंजूषेच्या अंतिम फेरीत ‘संभाजीनगरचं आधीचं नाव काय’ असा शाळकरी प्रश्न कोणी विचारणार नाही, हे समोरच्या संघालाही कळतं. कोशात पाच अर्थ असतील, पण त्या जागी लागू पडणारा एकच असतो. नाहीतर ‘द्विज म्हणजे काय?’ याला पक्षी, दात आणि ब्राह्मण ही तिन्ही उत्तरं घ्यावी लागतील.

शब्दार्थी

‘द्विज म्हणजे काय?’ याला तिन्ही घ्यावीच लागतील, कारण प्रश्नच तसा मोकळा आहे. पक्षी एकदा अंड्याच्या रूपात आणि एकदा अंडं फुटून जन्मतो, दात दुधाचे पडून पुन्हा येतात, आणि उपनयन हा दुसरा जन्म मानला जातो. तीनही अर्थांची व्युत्पत्ती एकच, ‘दोनदा जन्मलेला’. प्रश्नकर्त्याला दात हवे असतील तर ‘तोंडात असणारे द्विज कोणते?’ असं विचारायला पाच सेकंद लागतात.

आणि ‘इतकं सोपं कोण विचारेल’ हा निकष धोक्याचा आहे. प्रश्न किती अवघड असणार हे कार्डावर लिहिलेलं नसतं. संघानं शब्दांना उत्तर द्यायचं, प्रश्नकर्त्याच्या मनाला नाही. माझ्या दृष्टीनं कसोटी एकच: प्रश्नातला प्रत्येक शब्द मराठीत चालणाऱ्या अर्थानं घेऊन संघाचं उत्तर खरं ठरतं का? ठरत असेल तर गुण. कार्डावर काय लिहिलंय हा नंतरचा प्रश्न.

शिळा आणि शाई

नाव बदललेल्या शहरांतलंच दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. ‘धाराशिवचं पहिलं नाव काय?’ इथे ‘आधीचं’ या अर्थानं उत्तर उस्मानाबाद. ‘क्रमानं पहिलं’ या अर्थानं उत्तर खुद्द धाराशिव, कारण निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद होण्याआधी गाव धाराशिवच होतं. प्रश्नातच उत्तर बसलेलं असेल तर ऐकणारा आपोआप दुसऱ्या अर्थाकडे वळतो. म्हणून ‘कोशातली नोंद’ यांचा संदर्भाचा मुद्दा इथे अगदी बरोबर लागू पडतो: इथे फक्त ‘उस्मानाबाद’ घ्यावं. संभाजीनगरच्या प्रश्नात मात्र संदर्भ दोन्हींपैकी एकाही अर्थाला बाहेर काढत नाही.

माणसांच्या नावात तर तिसरा अर्थ येतो, फॉर्मवरचा: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. ‘लोकमान्य टिळकांचं पहिलं नाव काय?’ फॉर्मच्या हिशेबानं ‘बाळ’. जन्मनावाच्या हिशेबानं ‘केशव’. हा प्रश्न या शब्दांत विचारला तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतील.

‘पहिला’ऐवजी ‘आद्य’ वापरला की सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. सुटत नाही. ‘मराठीतला आद्य शिलालेख कोणता?’ हा प्रश्न घ्या. वर्षानुवर्षं याचं उत्तर कर्नाटकातलं श्रवणबेळगोळ असं पाठ केलं जातं: गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी नागरीत कोरलेलं ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ (म्हणजे मूर्ती चावुंडरायानं करवली), आणि सोबत ९८३ हे साल. पण त्या ओळीत साल कोरलेलंच नाही. ९८३ हे साल मूर्तीच्या मानलेल्या काळावरून आलेलं आहे. मूर्तीजवळच दुसरी ओळ आहे, ‘श्रीगंगराजे सुत्ताले करवियले’, म्हणजे गंगराजानं भोवतालची ओवरी करवली. हा गंगराज होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. दोन्ही ओळींच्या अक्षरांचं वळण सारखं असल्यामुळे चावुंडरायाचं नाव घेणारी ओळही तेव्हाच, मूर्तीनंतर शंभरावर वर्षांनी कोरली गेली, असं अभ्यासक मानतात.

उलट अलिबागजवळच्या अक्षी इथल्या शिळेवर शक कोरलेला आहे. जुन्या मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलचा लेख शके ९४०, म्हणजे १०१८ चा. (शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन. लेख पौष-माघातला असेल तर ७९, कारण तेव्हा इंग्रजी वर्ष पुढे गेलेलं असतं. उत्तरपत्रिकेतल्या एका वर्षाच्या फरकाचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.)

आता सांगा, ‘आद्य’ म्हणजे यातला कोणता? ‘आद्य’ हा शब्द मोजणीचा नाहीच. आद्य शंकराचार्य, आद्य क्रांतिकारक, आद्यकवी मुकुंदराज: ज्याच्यापासून एखादी परंपरा सुरू झाली तो आद्य. त्यात मान आहे, तारीख नाही. शिलालेखापासून कुठली परंपरा सुरू होत नसते. तारखेबद्दल विचारायचं असेल तर ‘कालोल्लेख असलेला, आजवर सापडलेला सर्वांत जुना मराठी शिलालेख’ असं लांबलचक विचारावं लागतं. लांब झालं तरी चालेल, कारण यातल्या एकेका शब्दाला काम आहे. ‘कालोल्लेख असलेला’ म्हटलं की श्रवणबेळगोळ बाजूला होतं. ‘मराठी’ म्हटलं की नाणेघाटातला सातवाहनकालीन प्राकृत लेख बाहेर राहतो, जरी त्यात ‘महारठि’ हा शब्द येत असला तरी. ‘शिलालेख’ म्हटलं की दिवेआगरचा शके ९८२ चा ताम्रपट हे उत्तरच होऊ शकत नाही, त्याचं साल काहीही असो. ‘आजवर सापडलेला’ यामुळे उद्या नवी शिळा मिळाली तरी त्या दिवशीचा निकाल खोटा पडत नाही.

गुणफलक

निकाल देण्याच्या बाजूनं लिहितो, कारण खरा गोंधळ तिथे उडतो. कार्डावर एकच उत्तर लिहिणं ही मुळातली चूक. प्रत्येक खुल्या प्रश्नाखाली तीन रकाने हवेत: ग्राह्य, ‘अधिक नेमकं सांगा’, अग्राह्य.

मधला रकाना सगळ्यात उपयोगाचा. प्रश्न ‘ज्याचं पाणी पितात ते माडाचं कोवळं फळ’ असा असेल तर ‘शहाळं’ ग्राह्य आणि ‘नारळ’ मधल्या रकान्यात: चूक नाही, पण ढोबळ. अशा वेळी एकदाच विचारायचं, पाच सेकंद द्यायची आणि कोणतीही खूण करायची नाही. ‘जवळ आहात’ असं म्हटलं तरी ती मदतच. ‘खोबरं’ अग्राह्य, कारण ते फळ नव्हे, आतला गर. प्रांतभेदही इथेच लिहून ठेवावा. ‘जाम’ म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात पेरू, कोकणात वेगळंच फळ, पांढरट-गुलाबी, पाणीदार. पेरूच्या प्रश्नाला ‘जाम’ उत्तर आलं तर ‘दुसरं नाव सांगा’ म्हणावं. संघ नागपूरचा की मालवणचा हे बघून निकाल देऊ नये.

लेखी फेरीत ऱ्हस्व-दीर्घाला गुण कापू नयेत, शब्द बदलत असेल तेवढं सोडून. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे सारथी. कर्णाला हिणवणारा शब्द विचारला आणि ‘सुतपुत्र’ लिहिलं तर अर्थच हरवतो. पण तेच तोंडी फेरीत कानानं पकडता येत नाही, तिथे सोडून द्यावं.

अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या कार्यक्रमात २०१८ च्या सुरुवातीला नेमका असा निकाल झाला होता. रॅपर कूलिओचं गाणं आणि मिल्टनचं महाकाव्य जोडून ‘गँग्स्टाज पॅरडाइज लॉस्ट’ असं उत्तर हवं होतं. स्पर्धक ‘गँग्स्टर्स’ म्हणाला. आधी बरोबर धरलं, नंतर परीक्षकांनी उलटवलं आणि ३,२०० डॉलर वजा झाले. कारण दिलं ते शब्दकोशाचं: ऑक्सफर्डच्या कोशात ‘गँग्स्टा’ आणि ‘गँग्स्टर’ या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. मला तो निकाल योग्य वाटतो, कारण तिथे एका ठरावीक शीर्षकातला शब्द हवा होता. शीर्षकात पर्यायी शब्द चालत नाही. वर्णन विचारलं असेल तर चालतो.

कोशातली नोंद

शीर्षक आणि वर्णन हा फरक पटला. ‘पहिलं नाव’ हे वर्णन आहे, तेव्हा संभाजीनगरबद्दलची माझी हरकत मागे घेतो. पण मग तिसऱ्या संघाच्या १० गुणांचं काय? त्यांचं उत्तरही बरोबरच होतं.

गुणफलक

बरोबर होतं, पण त्यांच्यापर्यंत प्रश्न जायलाच नको होता. म्हणून आधीच्या संघाला १०, तिसऱ्याचे १० परत. दोघांनाही दिले तर एका प्रश्नाचे २० गुण होतात आणि न बोललेल्या संघांवर अन्याय होतो. यात वेळ फार महत्त्वाची. बाउन्सच्या फेरीत, म्हणजे न सुटलेला प्रश्न शेजारच्या संघाकडे सरकतो तिथे, पुढचा थेट प्रश्न, उत्तर देणाऱ्याच्या शेजारच्या संघाला जातो. निकाल उलटला की बसण्याचा सगळा क्रमच बदलतो, आणि चार प्रश्न होऊन गेल्यावर तो मागे नेता येत नाही. म्हणून हरकत पुढचा प्रश्न वाचायला सुरुवात होण्याआधीच घ्यायची, हे स्पर्धेच्या सुरुवातीला मोठ्यानं सांगावं. हरकत उशिरा आली आणि खरी निघाली, तर आधीच्या संघाला गुण द्यावेत, तिसऱ्याचे तसेच ठेवावेत, क्रमाला हात लावू नये. त्यात एका प्रश्नाचे २० होतात हे मान्य, पण होऊन गेलेले चार प्रश्न रद्द करण्यापेक्षा ते परवडतं.

वहीचं पान

मग प्रश्न बदलून लिहितो: ‘छत्रपती संभाजीनगरचं मूळ नाव काय?’ आता चालेल?

शब्दार्थी

या शहरापुरतं चालेल, ‘मूळ’ म्हटल्यावर औरंगाबाद निघून जातं. तरी मी ‘मलिक अंबरनं १६१० मध्ये शहर वसवलं तेव्हा त्या जागेचं नाव काय होतं?’ असं विचारेन. साल दिलं की हरकतीला जागा राहत नाही, आणि फतेहनगरही बाहेर पडतं.

‘मूळ’ हा शब्द सगळीकडे सुरक्षित समजू नका. ‘कुसुमाग्रजांचं मूळ नाव काय?’ कार्डावर बहुतेक वेळा विष्णु वामन शिरवाडकर. पण ते दत्तक गेले होते, त्याआधीचं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. ‘मूळ’ म्हणजे टोपणनावामागचं की जन्माचं? गजानन म्हणणाऱ्या संघाला चूक ठरवता येणार नाही, उलट ‘मूळ’ला तेच जास्त जवळचं. टोपणनावामागचं हवं असेल तर ‘कुसुमाग्रज या टोपणनावानं कविता लिहिणाऱ्या लेखकाचं नाव’ आणि जन्माचं हवं असेल तर ‘दत्तक जाण्याआधीचं नाव’ असं लिहा.