लेकीचा कणा वाकलाय, पट्टा लावू का?

प्रश्न (मालवण): लेक १२ वर्षांची. वेणी घालताना उजवा खवाटा वर आलेला दिसला. एक्स-रेत कण्याचा वाक २८ अंश. शेजारी दप्तराला दोष देतात. डॉक्टरांनी पट्टा (ब्रेस) सांगितलाय, पण इथल्या उकाड्यात?

उत्तर (रत्नागिरी): ताई, दप्तराने स्कोलिओसिस, म्हणजे कण्याचा हा बाजूला वाक, होत नाही. बहुतेक मुलींत कारण सापडतच नाही. वाढ बाकी असताना २५ ते ४० अंशांत पट्टा देतात, वाक वाढू नये म्हणून. सरळ करायला नव्हे. माझ्या लेकीला आत बिनशिवणीची सुती बंडी घालायचे, घामाने भिजली की लगेच दुसरी. कमरेवरची लाल झालेली कातडी रोज बघायची. पण पट्टा दिवसाचे १८ तास तरी हवाच.

उत्तर (वेंगुर्ले): हाडं बसवणाऱ्याकडे नेऊ नका, हात जोडते! पाळी सुरू झाली का? उरलेल्या वाढीचा अंदाज त्यावरून येतो.

मालवण: नाही अजून. उद्याच डॉक्टरांना सांगते.