विषय: डिसेंबरची ब्विंडी सहल – एका तासाचे एवढे पैसे का?

प्रेषक: सहल समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुटीत इथे युगांडातच, ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघायला जायचं, असं दिवाळीच्या कार्यक्रमात ठरलं होतं. आतापर्यंत 14 नावं आली आहेत. त्यांत भारतातून येणारे एक आजी-आजोबा आहेत आणि अकरा वर्षांची एक मुलगी आहे. जुलै 2024 पासूनच्या दरानं आपल्यासारख्या इथल्या परदेशी रहिवाशांना परमिट 700 डॉलरला पडतं, भारतातून येणाऱ्यांना 800 ला. तिघा-चौघांनी फोन करून विचारलं, की गोरिलांपाशी एकच तास थांबू देतात, मग एवढे पैसे कशाचे? जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

– समितीकडून

प्रेषक: मुयेंगाच्या काकू

नमस्कार,

मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा बुहोमाला, नंतर रुशागाला. ही दोन्ही ब्विंडीच्या जंगलात शिरायची ठिकाणं.

आधी तुमच्या चौदा जणांचं बघू. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच माणसं भेटतात, तीही आठच, आणि तासभरच. त्यामुळे तुमचे दोन गट करावे लागतील आणि दोघांना वेगवेगळी कुटुंबं मिळतील. रुशागाच्या बाजूला माणसांना सरावलेली कुटुंबं जास्त आहेत, तिकडची परमिटं बघा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना जंगलात सोडत नाहीत, पासपोर्ट तपासतात. छोकरीला आत्ताच सांगून ठेवा, गेटवर रडायला नको.

आता पैशांचं. डोंगरी गोरिला जगातल्या कुठल्याही प्राणिसंग्रहालयात नाही. तिथे असतात ते सखल जंगलातले, वेगळे. हे उरलेत फक्त दोन ठिकाणी: ब्विंडीत, आणि युगांडा, रवांडा व काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा ज्वालामुखींच्या उतारांवर. 2018 च्या मोजणीत ब्विंडी आणि काँगोतलं लगतचं साराम्ब्वे मिळून 459 भरले. त्याआधी विरुंगात 604 मोजले होते. एकूण 1,063. आपल्या गणपतीच्या आरतीला हॉलमध्ये जमतात त्याच्या जेमतेम दुप्पट-तिप्पट! तरी ही वाढलेली संख्या आहे, आणि ती वाढली म्हणूनच 2018 च्या नोव्हेंबरात त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं.

ही वाढ आपोआप झालेली नाही. तुम्ही आठ वाजता सूचना ऐकायला बसता, तेव्हा माग काढणारे वनरक्षक पहाटेपासून जंगलात असतात. आदल्या संध्याकाळी कुटुंब जिथे दिसलं होतं तिथून सुरुवात करून ते झोपायची घरटी शोधतात. प्रत्येक मोठा गोरिला रोज रात्री पानं-फांद्या मोडून नवं घरटं करतो, लहानगं आईजवळ झोपतं. घरटी मोजली की कुटुंबाची हजेरी लागते. हे वर्षाचे 365 दिवस चालतं, पर्यटक असोत-नसोत. शिवाय प्रत्येक परमिटमागे 10 डॉलर आसपासच्या गावांना जातात. ते योग्यच आहे. गोरिला शेतात येऊन केळीची झाडं फाडून खातात, ते नुकसान गावकरीच सोसतात. बात्वा लोकांना तर 1991 मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जंगलातून बाहेर काढलं. बुहोमाला त्यांच्याकडून टोपल्या घ्या, घासाघीस करू नका. ही माझी कळकळीची विनंती.

आणि एक तासच का, तर आपल्या श्वासामुळे. गोरिला आपल्या इतक्या जवळचे, की आपली सर्दी, आपला खोकला त्यांना लागतो, पण ते सोसायची ताकद त्यांच्यात नसते. 1996 मध्ये ब्विंडीतल्या एका कुटुंबाला खरूज झाली, गावातल्या माणसांकडून आलेली. केस झडले, एक पिल्लू दगावलं, बाकीच्यांना औषध देऊन वाचवलं. ते काम ज्या पशुवैद्य बाईंनी केलं त्या डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका. गोरिला निरोगी राहायचे तर शेजारची माणसं निरोगी हवीत, हे त्यांनी तेव्हा ओळखलं आणि 2003 मध्ये त्यासाठी संस्थाच काढली.

म्हणून हे लिहिते. पहिल्या वेळी आमच्या ह्यांना आदल्या रात्री घसा धरला. सकाळी शिंका. ‘एवढे पैसे भरलेत, गोळी घेतो आणि मास्क लावून येतो’ म्हणाले. वनरक्षकानं विचारलं, कुणाला ताप, खोकला, पोट बिघडलंय? हे दोन क्षण गप्प राहिले, मग स्वतःहून हात वर केला. मी एकटी गेले. त्यांच्यासाठी दोन वर्षं पैसे साठवून आम्ही दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा रुशागाला. मला त्यांचा तो वर केलेला हात आजही आठवतो.

चालायचं कसं, तेही सांगते. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांनी पायवाटेची अपेक्षा ठेवू नये. थोडं अंतर वाट असते, मग पुढचा माणूस पंगा, म्हणजे इकडचा कोयता, चालवत जातो आणि आपण त्याच्या मागे वेलींवर पाय ठेवत. खाली माती आहे की नुसत्या फांद्या, कळत नाही. आम्हाला एकदा दीड तास लागला, एकदा पाच. बागकामाचे जाड हातमोजे न्याच, तोल गेला की हात नेमका खाजऱ्या पाल्यावरच पडतो. पँट मोज्यात खोचा, मुंग्या वर चढतात. पोर्टर प्रत्येकानं घ्या, दम असला तरी. गावातल्या पोरांना तेवढेच चार पैसे मिळतात, आणि उतारावर तो हात धरतो तेव्हा कळतं.

मग एका वळणावर वनरक्षकानं बोटानं थांबवलं. घसा खाकरल्यासारखा खोल ‘ह्ह्म्म’ असा आवाज काढला. झाडीतून तसाच आवाज परत आला. ‘आम्ही आहोत’, ‘असू द्या’, एवढंच ते संभाषण. फांद्या बाजूला झाल्या तेव्हा एक आई बसलेली, मांडीवर पिल्लू. तिनं एक काटेरी देठ ओढलं, दातांनी साल सोलली आणि आतला पांढरा गर खाल्ला. बोटं काळी, सुरकुतलेली, नखं अगदी आपल्यासारखी, कडेला माती भरलेली. माझी आई शेवग्याच्या शेंगा सोलायची ना, तशी तिची बोटं चालत होती. वरच्या अंगाला रुपेरी पाठीचा नर पालथा झोपला होता. ओल्या मातीचा आणि घामाचा मिळून एक उग्र वास. फोटो मी चारच काढले.

– काकू

प्रेषक: बुगोलोबीहून

काकू, वाचून बायकोचे डोळे भरून आले. अकरा वर्षांची छोकरी आमचीच. तिला सांगितलं, थोडी हिरमुसली, मग म्हणाली ‘चार वर्षांनी मी माझ्या पैशांनी जाईन’, आणि डबा घेऊन नाणी टाकायला लागली. मी तिच्याबरोबर मागे राहतो, आई जाईल. रुशागाहून बुन्योन्यी तलाव जवळ आहे, होडी वल्हवायला मिळेल. त्या पाण्यात मगरी नाहीत, पाणघोडे नाहीत, त्यामुळे मला काळजी नाही. जंगलाच्या कडेनं काळे-पांढरे कोलोबस माकड तरी दिसेल का?

आणि आजींच्या गुडघ्याचं काय करायचं?

प्रेषक: मुयेंगाच्या काकू

कोलोबस दिसतात, कडेच्या उंच झाडांवर सकाळी बघा. लांब पांढरी शेपटी लोंबताना आधी दिसते. दुर्बीण न्या, पक्षी भरपूर आहेत, साडेतीनशेच्या आसपास जाती.

आजींना खुर्चीवर बसवून पोर्टर खांद्यावर नेतात. तिथली माणसं त्याला ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात. भाडं वेगळं पडतं, आधी सांगावं लागतं. आजींना लाज वाटेल, पण मी अशा एका बाईंना वर पोचलेलं पाहिलंय. परत येताना त्या पूर्ण वाटभर गात होत्या. त्यांना न्या.

प्रेषक: सहल समिती

काकू, मनापासून आभार. 12 परमिटं रुशागाची काढतो, सहा-सहाचे दोन गट. एक खुर्ची सांगून ठेवतो. पासपोर्टच्या प्रती शुक्रवारपर्यंत पाठवा.

निघायच्या आठवड्यात ज्याला खोकला किंवा ताप असेल त्यानं मला फोन करावा, संकोच करू नये. त्याचं परमिट गेलं तर तो खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, असं समितीत ठरलंय. हातमोजे मी ओविनो बाजारातून सगळ्यांसाठी आणतो, मापं कळवा.