शब्दचर्चा: 'अवाँ-गार्द' आणि 'इरॉटिक अँथॉलॉजी'

एका मैत्रिणीने सिनेमावरच्या लेखाचा अनुवाद दाखवला. त्यात 'अवाँ-गार्द' दिग्दर्शकांच्या 'इरॉटिक अँथॉलॉजी'साठी होतं, 'आघाडीच्या दिग्दर्शकांचे कामुक चित्रपट-संकलन'. तिन्ही शब्द मला खटकले.

'आघाडीचा दिग्दर्शक' म्हटलं की ज्याचे सिनेमे चालतात तो डोळ्यांपुढे येतो. अवाँ-गार्द, म्हणजे कलेत चाकोरी मोडून पुढे जाणारा, हा मुळात फ्रेंच फौजेतला शब्द, मुख्य सैन्याच्या पुढे चालणाऱ्या तुकडीसाठी. मराठ्यांच्या फौजेत तिला बिनी म्हणत. बिनीवाले हे आडनाव त्यातूनच आलं. आता 'बिनीचे' म्हटलं की फलंदाजच आठवतात, तरी मला हाच शब्द हवा. 'प्रयोगशील'मध्ये पुढे जाऊन पहिला वार झेलणं येत नाही.

खरी अडचण 'कामुक'ची आहे. तो माणसाच्या वृत्तीला लागतो: कामुक नजर, कामुक म्हातारा. सिनेमाला लावला की निकाल आधीच लागतो. 'शृंगारिक' म्हणजे गजरा आणि लावणी, असा आक्षेप येतो. पण शृंगारात विप्रलंभ, म्हणजे विरहातला शृंगार, हाही आहे. 'एरोस' (2004) या तीन दिग्दर्शकांच्या चित्रपटात वोंग कार-वायची कथा एका शिंप्याची आहे. जिच्यासाठी तो कपडे शिवतो ती समोर नसते आणि तो तिच्या रिकाम्या पोशाखात हात घालून आतून अस्तरावर फिरवतो. याला कामुक म्हणवत नाही. हा विरहाचा शृंगार आहे.

मात्र वालेरियन बोरोव्चिकच्या 1974 च्या चार कथांच्या फ्रेंच चित्रपटात 'शृंगारिक' हा शब्द सगळीकडे बसत नाही. बाथोरी या हंगेरीतल्या सरदार घराण्यातल्या बाईच्या कथेत रक्ताचं स्नान आहे. तिथे शृंगार बीभत्साकडे झुकतो. अशा वेळी सरळ 'कामविषयक' लिहावं.

अँथॉलॉजीचा ग्रीक अर्थ फुलं वेचणं. आपले 'वेचे' अगदी जवळचे, पण वेचे आधी लिहिलेल्यातून निवडतात. अँथॉलॉजी चित्रपटातल्या कथा मुद्दाम एकत्र दाखवायला केलेल्या असतात. हाल राजाच्या गाथासप्तशतीला, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या शृंगाराच्या संग्रहाला, जुने लोक 'कोश' म्हणत. किती सुंदर शब्द, पण आज तो डिक्शनरीने घेतला. म्हणून 'कथागुच्छ'.

मी लिहीन: 'बिनीच्या दिग्दर्शकांचा शृंगारिक कथागुच्छ'. तुमच्याकडे क्रिकेटबाहेर 'बिनी' अजून कोणी बोलत असेल, तर ते वाक्य जसंच्या तसं इथे लिहा.