पिकअपचे शॉकअप बदलून राईड सुधारली का? इंदूर-माळव्यातल्यांनी आपापले अनुभव लिहा

सिमरोलवाला

मंडळी, धागा मुद्दाम काढतोय. पिकअप घेणारे आपल्याकडे आता बरेच झालेत, कोणी शेतीसाठी, कोणी धंद्यासाठी, कोणी हौसेने, आणि भेटला की जो तो हेच सांगतो की गाडी रिकामी असली की मागून उसळते. म्हणून म्हटलं ज्यांनी शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गाडीचे हेलकावे थांबवणारे) बदललेत त्यांनी खरं काय झालं ते एका जागी लिहावं.

माझ्यापासून सुरुवात करतो. डबल कॅब आहे, पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरखालचे दोन हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग). घर सुदामानगरला, शेत सिमरोलच्या पुढे, त्यामुळे खंडवा रोडने सारखं जाणंयेणं असतं आणि बरेचदा आई मागच्या सीटवर असते, तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे. मला काही डोंगर चढायचे नव्हते, तिला त्रास होऊ नये एवढंच बघायचं होतं. जुने शॉकअप बरेच चाललेले होते, मागचा एक तर तेलाने निथळत होता. चारी काढून गॅसवाले ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेले) टाकले, घेताना दुकानदाराला साफ सांगितलं की हौदा बहुतेक रिकामा असतो, तेव्हा जड लोडवाले नकोत.

आता फरक. आपल्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांना खड्ड्यांपेक्षा लाटा जास्त, पावसात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून बसते आणि वरचं डांबर तसंच वरखाली होतं. अशा लाटेवर आधी गाडी एकदा उडाली की दोन-तीन हेलकावे खाऊन मग शांत व्हायची, आता एकदा वर, एकदा खाली आणि संपलं. ब्रेक मारला की नाक दाबायचं तेही कमी झालं. भेरूघाटाच्या वळणांवर गाडी कलते पण लगेच सावरते, आई आता वरचं हँडल धरून बसत नाही.

जे नाही बदललं तेही सांगतो. कॉलनीतले ते सिमेंटचे टोकदार स्पीडब्रेकर आणि पेव्हर ब्लॉकच्या कडा, तिथे मागून दणका येतोच. थोडा कमी झाला असेल, गेला नाही.

लिहिताना गाडीवर लोड किती असतो, टायर कुठले आणि हवा किती ठेवता हे जरूर लिहा, त्याशिवाय दुसऱ्याला उपयोग नाही.

मंडी_ट्रान्सपोर्ट

भाऊ आमची मालवाहू, कांदा-बटाटा चोइथराम मंडीत आणि सीझनला टोमॅटो. आमच्या गाड्या जाताना भरलेल्या आणि येताना रिकाम्या, त्यामुळे आम्हाला भरलेल्या गाडीचं जास्त बघावं लागतं. इम्पोर्टेड वगैरे आम्हाला परवडत नाही आणि गरजही वाटली नाही, देशी बनावटीचे चांगले मिळतात, देवासला गॅब्रिएलचा कारखानाच आहे, माल पाहिजे तेव्हा मिळतो. फक्त बदलायचे तर जोडीने, एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना हे आमच्या वडिलांनी कधी चालू दिलं नाही, गाडी वळणावर एका अंगाला वेगळी आणि दुसऱ्या अंगाला वेगळी वागते.

फरक मालात दिसतो. शॉकअप गेलेले असले की हौद्यात सगळ्यात मागच्या रांगेतले खालचे क्रेट बघा, टोमॅटो फुटून पाणी सुटलेलं असतं, कारण मागचा भाग सतत थडथड करत राहतो. नवे बसवले की हे नुकसान डोळ्यांनी दिसेल इतकं कमी होतं, ड्रायव्हरही संध्याकाळी हात दुखतात म्हणत नाही.

ओळखायची एक रीत देवास नाक्यावरच्या मिस्त्रीने दाखवली ती सांगतो. खराब रस्त्यावर चांगली चालवून आणा, थांबवा, आणि चारी शॉकअपला हात लावून बघा, जपून, कारण भाजतं. जो काम करतोय तो गरम लागणार. तीन गरम आणि एक थंड असेल तर तो थंडा गेलेला आहे, बाहेरून कितीही कोरडा दिसू द्या.

निवृत्त_पीथमपूर

वरची रीत अगदी बरोबर आहे आणि तिचं कारणही समजून घ्या. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते स्प्रिंग किंवा पाटे उचलतात. दबलेला स्प्रिंग उलट उसळतो, त्या उसळीची ताकद शॉकअपच्या आतलं तेल बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून दाबलं जाताना उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून काम करणारा गरम होतो.

आता पिकअप रिकामी असताना का आपटते. मागचे पाटे पूर्ण लोडसाठी बनवलेले असतात, हौद्यात काही नसलं तर ते जेमतेम वाकतात. तो कडकपणा पाट्यांचा आहे, तिथे शॉकअप फार काही करू शकत नाही. उसळल्यानंतरचे हेलकावे थांबवणं, चाक रस्त्याला चिकटून ठेवणं, ब्रेकला आणि वळणाला गाडी सावरणं हे त्याचं काम. सिमरोलवाल्यांना लाटेवर फरक जाणवला आणि टोकदार स्पीडब्रेकरवर नाही जाणवला, त्याचं कारण हे.

ट्विन ट्यूब की मोनोट्यूब हे बरेच जण विचारतात. ट्विन ट्यूबमध्ये नळीत नळी असते, गॅस कमी दाबाचा, राईड साधारण मऊ. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यात सरकता पिस्टन, त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णता लवकर निघून जाते. बिलस्टाइनने १९५७ मध्ये मर्सिडीझसाठी असे शॉकअप द्यायला सुरुवात केली, म्हणजे तंत्र काही नवं नाही. कच्च्या रस्त्यावर तासन् तास गाडी चालवायची असेल तर मोनोट्यूबचे पैसे वसूल होतात. शहरात आणि अधूनमधून मांडू-महेश्वर एवढंच असेल तर चांगला ट्विन ट्यूब पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे.

पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचं (गाड्यांच्या चाचणीचं केंद्र) नाव निघालं की लोक २०२१ मध्ये सुरू झालेल्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकबद्दल बोलतात. सस्पेन्शनचा कस लागतो तो मात्र खराब रस्त्यावर, कमी वेगात. तुम्हीही शॉकअप बदलल्यावर बायपासवर १०० च्या वेगाने चालवून निकाल लावू नका, आपल्या नेहमीच्या खराब रस्त्यावर ३०-४० ने चालवून बघा.

रोपवाटिका_ताई

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमची नर्सरी आहे, पिकअपमधून रोपं आणि कुंड्या पोचवतो. गाडी इतकी आदळायची की मोगऱ्याच्या पिशव्या आडव्या व्हायच्या, शॉकअप बदलायचे असं ठरवूनच टाकलं होतं. भाच्याने आधी दरवाज्याच्या खांबावरचं स्टिकर वाचायला लावलं, त्यावर रिकाम्या गाडीसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे आहेत. पंपावरचा मुलगा कायम भरलेल्या गाडीची हवा भरत होता, आणि आमच्या कुंड्या आकाराने मोठ्या पण वजनाला हलक्या. सकाळी टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे हवा केली आणि खरं सांगते, अर्धा त्रास तिथेच गेला.

मग शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणारा दुवा) रबरी बुश बघितले, रबर पार चिरलेलं होतं, ते बदलले तर खडखड थांबली. डिलिव्हरी नसते तेव्हा हौद्यात पुढे, कॅबिनच्या पाठीला लागून, मातीच्या पोत्यांचं शंभरेक किलो वजन पट्ट्याने आवळून ठेवते, त्याने मागचं उसळणं आणखी कमी होतं. शॉकअपचा खर्च अजून केलेला नाही. ज्यांना करायचाय त्यांनी करा, पण आधी हे बघा ही कळकळीची विनंती, कारण हवा बघायला पैसे लागत नाहीत.

बडोदेकर

बडोद्याहून लिहितोय. मी गाडी सेकंडहँड घेतली, आधीच्या मालकाने तिच्यावर टेन्ट, स्टीलचा बंपर, विंच असं सगळं चढवून हेवी ड्यूटी शॉकअप टाकलेले, विकताना सामान काढून घेतलं आणि शॉकअप तसेच राहिले. हालोलच्या रस्त्याला जोडरस्त्यावर बारीक बारीक वळ्या असल्या की गाडी एकेक वळी मोजत जायची, दात वाजायचे. इथल्या एका जाणकाराने सांगितलं की परत उसळण्यावरचा रोध, म्हणजे रिबाउंड, फार जास्त आहे, पाटा परत मूळ आकारात येण्याआधी पुढची वळी येते, असं होत होत सस्पेन्शन खालीच बसतं आणि हालचालीला जागाच उरत नाही. माझ्या रिकाम्या गाडीला योग्य असे मऊ व्हॉल्व्हिंगचे (कमी रोधाचे) शॉकअप घेतले, ते ब्रँडने महागही नाहीत, आणि बायको मागे बसून पुस्तक वाचू शकते आता.

तेव्हा दुकानात हेवी ड्यूटी शब्द ऐकून भुलू नका, तुमच्या गाडीवर कायमचं वजन किती आहे ते आधी सांगा.

गॅरेजवाला_सावेर_रोड

बसवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण माल चांगला असून फिटिंगमध्ये वाया गेलेला मी रोज बघतो.

पहिलं म्हणजे बुशचे बोल्ट. गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर लटकलेली असताना बोल्ट पूर्ण आवळले तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं, गाडी खाली उतरली की ते कायम पिळलेलं राहतं, राईड कडक लागते आणि सहा-आठ महिन्यांत बुश फाटतं. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदोनदा दाबून हलवायची आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पान्हा) आवळायचं. गाडीखाली आडवं होऊन करावं लागतं म्हणून बरेच जण टाळतात, तुम्ही उभं राहून करून घ्या.

दुसरं, ट्विन ट्यूब खोक्यात आडवा पडून आलेला असतो, आतल्या नळीत हवा शिरलेली असते. बसवण्याआधी उभा धरून हळूहळू पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा, असं चार-पाच वेळा, सुरुवातीला मध्येच पोकळ लागतो, मग सगळीकडे सारखा जोर लागायला लागतो, तेव्हा तयार झाला समजा. गॅसवाला आपला आपण वर येतो, त्याची बांधलेली पट्टी जागेवर बसवल्यावरच कापा.

तिसरं, पुढे कॉइलच्या आत शॉकअप असेल तर घरी खोलायला जाऊ नका. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट काढला तर स्प्रिंग सुटून माणसाचा जीव जाऊ शकतो. मागचे मात्र चावी-पान्हा हाताळता येत असेल तर घरी होतात, जॅकस्टँड लावून, नुसत्या जॅकवर नाही. पुढचं काम झालं की अलाइनमेंट तपासून घ्या.

मंडी_ट्रान्सपोर्ट

दादा एक विचारायचं होतं, आमच्या ओळखीचे काही जण राईड मऊ व्हावी म्हणून मागचा एक पाटा काढून टाकतात, ते कसं?

निवृत्त_पीथमपूर

करू नका. पासिंगला जो लोड लिहिलाय तो सगळ्या पाट्यांच्या जोरावर आहे. शिवाय बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते आणि मागची उंची बघून तो ब्रेकचा दाब ठरवतो. पाटा काढून गाडी खाली बसली की व्हॉल्व्हला वाटतं लोड आहे, रिकाम्या गाडीत मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू शकते. मऊ करायचंच असेल तर पाटे खोलून गंज साफ करा, टोकांचे नायलॉनचे पॅड झिजले असतील तर बदला, यू-बोल्ट नवे टाका. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत, नवे शॉकअप टाकूनही गाडी आखडलेली लागते त्याचं हेही एक कारण असतं.

सिमरोलवाला

काका हे फार मोलाचं सांगितलंत, माझ्या पाट्यांचे पॅड बघतो. आणि उंची वाढवणाऱ्यांसाठी एक भर, लांब शॅकल टाकून मागून गाडी उचलली आणि शॉकअप जुन्याच मापाचे ठेवले तर ते पूर्ण ताणले जाऊन खट्कन अडकतात, माझ्या चुलतभावाच्या गाडीचा आवाज तोच होता, माप बदलल्यावर गेला.

रोपवाटिका_ताई

सगळं वाचून आत्ता गाडीपाशी जाऊन आले. शॉकअप चारी कोरडे आहेत, पण पुढच्या डाव्या टायरवर तळहात फिरवला तर उंचसखल लागतं, ठरावीक अंतराने दबल्यासारखं. उजव्याला तसं नाही. हे काय असावं?

गॅरेजवाला_सावेर_रोड

ताई, टायर असा कपासारखा खाल्ला जातो तेव्हा चाक रस्त्यावर टणटण उडत असतं. शॉकअप असू शकतो, बॉल जॉइंट किंवा बेअरिंगची ढिलाई असू शकते, नुसतं बॅलन्सिंगही असू शकतं. आधी चाक उचलून वरखाली आणि आडवं हलवून ढिलाई बघायला सांगा, मग बॅलन्सिंग. ते दोन्ही ठीक निघालं तर शॉकअप, आणि मग पुढची जोडी, एकटा डावा नाही. मागचे तुमचे ठीक असतील तर राहू द्या.