म्हाताऱ्या कुत्र्याचं पोट आणि प्रोबायोटिक

12 वर्षांच्या लॅब्रॅडॉरला वारंवार पातळ शी होते, तर माणसांचं प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवंत जिवाणूंची पावडर किंवा गोळी) आणि रोज एक लसूण पाकळी द्यावी का, असं एकाने विचारलंय. लसूण अजिबात नको! कांदा-लसणामुळे कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. प्रतिकारशक्तीच्या नावाखाली लसूण अजूनही दिली जाते, याचं फार वाईट वाटतं. माणसांच्या चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असू शकतं, ते कुत्र्यांना थोडंसुद्धा घातक.

प्रोबायोटिक कुत्र्यांसाठी बनवलेलंच घ्या. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव (उदा. एंटेरोकोकस फीशियम) आणि सीएफयूचा (जिवंत जिवाणूंच्या संख्येचा) आकडा हवा. पावडर वाफाळत्या भातात कालवू नका, जिवाणू मरतात. भात बोटाला कोमट लागेपर्यंत निवू द्या. अँटिबायोटिक चालू असेल तर मध्ये दोनेक तास जाऊ द्या. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला जेवणात चमचाभर उकडलेला लाल भोपळा, मीठमसाल्याशिवाय, छान मानवला. शी बांधून येऊ लागली. सोसत असेल तर थोडं दही चालतं. फिश ऑइल मात्र जपून, जास्त झालं तर त्यानेच जुलाब होतात.

पण या वयात सारखं पोट बिघडतंय, तर आधी रक्त आणि शी तपासून घ्या. किडनी, लिव्हर, स्वादुपिंड, जंत, काहीही असू शकतं, आणि पावडरींच्या नादात उपचार लांबतात. शीमध्ये रक्त दिसलं किंवा खाणं सोडलं असेल तर आजच डॉक्टरांकडे न्या.